उत्तर किनाऱ्याला कसं यावं

मंगळवार, ओहोटी

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद. जावईबापूंचा खोकला गेला असेल.

डाव्या हातात लाँचचा दोर आहे, उजव्याने लिहितोय. अक्षर हललं तर इंजिनाला बोल लाव. लाँचवाली त्यात डोकं घालून बसली आहे आणि "सोडू नका हां" म्हणून मला दटावते आहे.

तू यावंस म्हणून वाट सांगतो. गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत. तिथून पूर्वेकडे जाणारी बस. डावी खिडकी धर. किनारा उत्तरेचा, समुद्र डावीकडेच लागणार. समुद्रात सूर्यास्त मात्र शोधू नकोस. इथे सूर्य दिवसभर मागच्या टेकड्यांवरूनच फिरतो. बस खाडीशी संपते. पलीकडचं गाव आमचं.

धक्क्यावर एक पाटी आहे, एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने लाल. पांढरी बाजू गावाकडे फिरवली की लाँच येते. मी पहिल्यांदा आलो तेव्हा, लांबून दिसावी म्हणून, लाल फिरवली आणि दुपारभर बसून राहिलो. लाँच समोरून जात-येत होती. शेवटी तिलाच दया आली.

"काका, लाल म्हणजे धक्क्यावर कोणी नाही. तुम्ही कोण मग, भूत?"

स्वतःचे केस पिकलेले, आणि मला काका!

आता म्हणत नाही.

गाव लहान. मासळीबाजार, टपाल, दीपगृह, झालं. ओहोटीला वाळूच्या दांड्यावरून दीपगृहापर्यंत चालत जाता येतं. पाय कुठे रुततो ते तिला ठाऊक आहे, ती नेईल तुला. तिच्या स्वयंपाकघरातून सगळा दांडा दिसतो.

"मास्तर, भूगोल संपला का?" इंजिनातून आवाज आला. "मुद्द्याचं लिहा."

मुद्दा असा, की पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. तुझ्या आईचा फोटो मी बरोबर आणला होता. तो तिनेच खिडकीशेजारी लावला, तिथे उजेड चांगला म्हणून. तू आली नाहीस तर कोणी रागावणार नाही. मी मात्र नवरदेव असून दिवसभर धक्क्याकडे बघत बसेन.

इंजिन लागलं. दोर सोडतो.

बुधवार, सकाळ

पाकीट चिकटवण्याआधी तिला वाचून दाखवलं. चहा गाळता गाळता ती थांबली.

"हे तर पोरीला कळवलंत. विचारलंत कुठे?"

म्हणून पुन्हा लिहायला बसलो. ठमे, करू का लग्न?

तुझं उत्तर येईपर्यंत नुसता तुझाच,
बाबा