पाण्याखालच्या लेव्हलचं गाणं

३ ऑक्टोबर

ती. बाबा,

सा. न. वि. वि. विशेष खाली क्रमाने लिहिते, म्हणजे मधलं काही सुटणार नाही.

१. दादाच्या उजव्या कानाच्या नसेवरची गाठ सहा महिन्यांत चार मिलिमीटर वाढली. डावा कान पाच वर्षांपूर्वी याच कारणाने गेला.

२. गाठ आता मेंदूच्या देठाला टेकली आहे. काढली तर सोबत नस जाईल आणि ऐकू येणं कायमचं थांबेल. नाही काढली तर आधी तोल जाईल, मग गिळणं, मग श्वास.

३. ऑपरेशनची तारीख २९ ऑक्टोबर. संमतिपत्रावर दादाची सही २८ पर्यंत हवी.

४. त्याआधी दादाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. माळ्यावरचा आपला जुना व्हिडिओ गेम चालू करून दे, म्हणाला. त्यातली त्याची आवडती नऊ गाणी त्याला शेवटची ऐकायची होती.

५. मी गेमचा डबा उघडला. वीजपुरवठ्याचा भाग जळला होता, तो बदलला. सगळे जुने कंडेन्सरही बदलले. आवाजाच्या तारेवर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं एक बोंडूक लोंबत होतं. आत हाताने गुंडाळलेली कॉइल आणि एक कंडेन्सर. ते सर्किटच्या मूळ नकाशात नव्हतं. कुणाचा तरी जुगाड समजून मी ते काढून फेकलं.

६. कचरा बुधवारी गेला.

७. गुरुवारी डबा सुरू झाला. दादाने हेडफोन उजव्या कानाला लावला, पाण्याखालच्या लेव्हलचं गाणं लावलं आणि चार सेकंदांत हेडफोन काढून ठेवला. हे आपलं गाणं नाही, म्हणाला.

८. तो आता सही करत नाही. गाणं पूर्वी होतं तसं झाल्याशिवाय करणार नाही म्हणतो.

मी स्वतः ऐकलं. मशीनमध्ये दोष नाही, मूळ नकाशाप्रमाणे सगळं बरोबर वाजतं. फक्त आपण ऐकत होतो त्यापेक्षा खाली एक जाड सूर जास्त आहे.

ते बोंडूक तुम्ही लावलं होतं का? असल्यास कॉइलला किती वेढे होते आणि कंडेन्सर कोणता होता, ते लिहा. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही बघू म्हणता आणि ठेवून देता.

आत्याला नमस्कार. लोभ आहे तसा राहू द्या.

तुमची,
छोटी


६ ऑक्टोबर

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आत्याने विचारलं की पोरीचं पत्र आहे की पोलिसांचा पंचनामा. मी म्हटलं, दोन्ही. तुझ्या आईला कधी वाटलं नसेल की आठ कलमांत तिच्या मुलाचं आयुष्य बसेल. असो. पत्र पोचल्यापासून जेवण जात नाही, एवढंच लिहितो.

ते बोंडूक माझंच. नकाशात नाही ते सगळं कचरा, असं तुला कुणी शिकवलं? दुकानात येणारा एकतरी टीव्ही मी नकाशाप्रमाणे परत दिला असेल तर शपथ.

आता कारण ऐक. तुमची आई दवाखान्यातली रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दुपारपर्यंत झोपायची. सुट्टीत तुम्ही दोघं पलीकडच्या खोलीत त्या डब्यापुढे. गाण्याचे वरचे सूर भिंतीत अडायचे, पण खालची धडधड थेट तिच्या उशीपर्यंत जायची. ती एका शब्दाने बोलली नाही. एकदा मी आत डोकावलो तर उशी डोक्याखाली नव्हती, कानावर होती. डबा बंद करा म्हटलं असतं तर थोरल्याने घर डोक्यावर घेतलं असतं आणि तू आठवडाभर अबोला धरला असतास. मग मी एक कॉइल गुंडाळली आणि खालचा सूर कापून टाकला. कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला कळलं नाही आणि तिला झोप लागली.

म्हणजे तुम्ही जे गाणं ऐकत मोठे झालात, त्याचा तळच मी काढून घेतलेला होता.

वेढे मोजले नव्हते. मोजले असते तर मी तू झालो असतो. कंडेन्सर खणात जो हाताला लागला तो. आता माझे हात सुईत दोरा ओवू देत नाहीत, तेव्हा माझ्यावर विसंबू नकोस.

थोरल्याला म्हणावं, आधी सही कर, गाणं कुठे पळून जातंय? असं लिहिलं खरं, आणि मग माझं मलाच कळलं की मी काय लिहिलं.

दोघंही वेळेवर जेवत जा.

बाबा


८ ऑक्टोबर

ती. बाबा,

सा. न. छोटीने तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला वाटलं असावं, मी आता तिला फाडून खाईन. मी हसलो. वीस वर्षं मला ज्याच्या गाण्याचं वेड, तो माणूस आमच्याच घरात टीव्ही दुरुस्त करत बसला होता! सही हवी होती हो तुमची, डब्यावर.

आमचं बोलणं आता वहीत चालतं. ती लिहिते, मी बोलतो. भांडण झालं की ती मोठ्या अक्षरात लिहीत नाही, त्यामुळे भांडण आहे हे कळायला वेळ लागतो. कारखान्यात मला चष्म्याच्या काचा घासायच्या चाकावरून उठवून पॅकिंगला बसवलंय. काच चाकाला जास्त दाबली की चाकाचा आवाज बदलतो, तो मला कळेना. अकरा काचा फोडल्या. मालक भला माणूस, बाराव्या काचेपर्यंत थांबला नाही.

तुम्ही गाण्यांची यादी विचारली नाहीत, तरी सांगतो. हरल्यावर वाजतं ते मला सगळ्यांत जास्त पाठ आहे, कारण मी किती वाईट खेळायचो ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं दुकानाचं. हातात दमडी नसताना तिथे तलवारी बघत उभा राहायचो, फक्त गाण्यासाठी. दुकानदार कधी हाकलत नसे. बर्फाच्या किल्ल्याचं आहे, वाळवंटाचं आहे. आणि एक असं आहे की बहुतेकांनी ते पूर्ण ऐकलेलंच नाही. हरल्यावर पुढे खेळायचं का असं विचारतात आणि दहापासून आकडे खाली येतात. सगळे घाईने बटण दाबतात. मी शून्यापर्यंत थांबायचो. शेवटच्या तीन आकड्यांत ते गाणं जे काही करतं, ते मला कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. ही गाणी करणाऱ्यांची नावंही पडद्यावर येत नसत. या पत्राला लागते तेवढीसुद्धा जागा मशीनच्या मेमरीत त्यांच्या गाण्यांना मिळत नसे म्हणे.

पण पाण्याखालचं सगळ्यांत वर. दोन सूर, एक पुढे आणि एक त्याच्या मागे पोहत येणारा. छोटीने डबा नीट केल्यावर मी लावलं, तर ते दोघंही नाहीत. तिथे कुणी तिसराच बसलाय, जाडा, घुम्यासारखा एकाच जागी फेऱ्या मारणारा.

बाबा, मी हट्टी वाटत असेन. मरायची हौस नाही मला. पण दार एकदा लागलं की आत जे शेवटचं राहील ते पुढची तीस-चाळीस वर्षं आतच वाजत राहणार. त्या घुम्याबरोबर मला कोंडून घ्यायचं नाहीये. मला ते दोघं हवेत. तेवढी कॉइल पुन्हा गुंडाळा. दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

छोटी रागावलेली दिसते, पण ती घाबरली आहे. दोन्ही वेळा तिचं अक्षर सारखंच येतं.

आठवण ठेवा आणि कॉइल पाठवा.

तुमचा,
थोरला


१३ ऑक्टोबर

चि. थोरला आणि चि. मोजपट्टी, दोघांस आशीर्वाद.

सोबत डबी आहे, सांभाळून उघडा. तीन दिवस लागले. तार मी धरली आणि वेढे आत्याने मोठ्याने मोजले. दोनशे दहाला शेजारीण विरजण मागायला आली आणि आकडा गेला, म्हणून सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. आत्या त्या बाईशी अजून बोलत नाही. एकूण तीनशे चाळीस. शेवटची सोल्डर आत्याने माझं मनगट धरल्यावर झाली.

बरोबर आहे की नाही, मला सांगता येत नाही. पूर्वी हाताला कळायचं. लावून बघा आणि लगेच कळवा. थोरल्या, वाजलं की त्याच दिवशी सही. शब्द दे.

बाबा


१८ ऑक्टोबर

ती. बाबा,

सा. न. हे पत्र एकट्याने वाचा. आत्याला सांगायचं की नाही, ते नंतर ठरवा.

कॉइल पंधराला पोचली, सोळाला मी ती जोडली. आधी यंत्रावर मोजलं, मग स्पीकर लावून पाण्याखालचं गाणं सुरू केलं. बाबा, ते तेच आहे. मी डबा बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले, येऊन परत लावला. पुन्हा तेच होतं. पलीकडच्या खोलीत आई झोपली आहे, आवाज करू नये, असं मला काही सेकंद वाटलं.

मग दादाला बोलावलं. त्याने हेडफोन लावला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले आणि पिन तपासली. पिन बरोबर होती. काढून पुन्हा घातली, असं तीनदा केलं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

हे मला आधी कळायला हवं होतं. मी दिवसाला बारा माणसांचे कान तपासते, तेच माझं काम. दादाचा जुलैनंतर तपासला नव्हता. तो नको म्हणाला आणि मीही आग्रह धरला नाही, कारण मला आकडा बघायचा नव्हता. काल तपासला. दाराची घंटा, माझा आवाज, शिट्टी, यांतलं काहीही त्या कानात शिरत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला तर त्याची घरघर तेवढी कळते. पाण्याखालच्या गाण्यातले ते दोन सूर त्याच्या आवाक्याच्या पुष्कळ वर आहेत. त्याला ऐकू येण्यासारखा एकच सूर त्यात आहे, तुम्ही कापला होता तो. पहिल्या दिवशी त्याने तेवढाच ऐकला. लहानपणी एकदाही न ऐकलेला. आता तुमची कॉइल तोही थांबवते. ती काढली तर दादा म्हणतो तो तिसरा, लावली तर शांतता. मधली जागा नाही. गाणं चौपट संथ करून दोन्ही सूर त्याच्या कानाइतके खाली आणून पाहिले. विहिरीत म्हैस पडल्यासारखं वाटतं, म्हणाला, आणि माझी समजूत काढावी तसं हसला.

मी ते बोंडूक फेकलं नसतं तरी हेच झालं असतं. हे खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

सगळं आलेखासकट वहीत लिहून त्याला दाखवलं. त्याने नीट वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं की मशीनमध्ये दोष नाही हे तू पहिल्या दिवशीही सांगितलं होतंस, आणि दोष निघालाच. पुढे लिहिलं की बाबांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही, वेढे सैल बसले असतील, त्यांना पुन्हा एकदा गुंडाळायला सांग, दहा-पंधरा दिवसांनी काय बिघडतंय. मग माझ्या पाठीवर थोपटून तो जिना उतरला. परवापासून तो भिंतीला हात लावून उतरतो. आज दोन्ही हात लावले. दुपारी पाणी पिताना ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

कानाबद्दल तो माझं ऐकणार नाही. कॉइलबद्दल तुमचं ऐकेल. म्हणून तुम्ही त्याला पत्र लिहावं. त्यात लिहा की ही कॉइल तुम्हाला जमली नाही आणि पुन्हा जमणार नाही. तशी तार आता मिळत नाही, हात चालत नाहीत, काहीही लिहा, पण वाट बघू नकोस, सही कर, असं स्पष्ट लिहा. कानाचा उल्लेख नको. गाणं मशीनमधून हरवलं, असं त्याला वाटत राहू द्या.

हे खोटं आहे. मी आजवर एकाही रिपोर्टमध्ये खोटी ओळ लिहिलेली नाही, आणि तुमच्या दुकानातून कुणी ‘होत नाही’ हे उत्तर घेऊन बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. दोन दिवस मी दुसरं काही सुचतं का ते पाहिलं, नाही सुचलं. तुमची कॉइल बरोबर आहे. तीनशे चाळीस वेढ्यांत एकही सैल नाही. हे मी तुम्हाला लिहून देते, पण त्याला कधी सांगता येणार नाही.

त्याने सही केली तरी फार काही चांगलं होणार आहे असं समजू नका. सर्जन म्हणतात की आधाराशिवाय चालण्याची शक्यता दहात सहा आहे आणि चेहऱ्याची उजवी बाजू बहुधा जाईल. आत तो तिसराच वाजत राहील, याला मी काही करू शकत नाही. फक्त दादा असेल.

तुमचं माझ्यावरचं प्रेम या पत्राने कमी झालं तरी चालेल, दादावरचं होणार नाही हे मला माहीत आहे.

तुमचं पत्र त्याच्या हातात सत्तावीसला पडायला हवं. ते लिहिणार की नाही, एवढं मला चोवीस तारखेपर्यंत कळवा.

छोटी