खाऱ्या पाण्याचा माठ

माय, आपल्या गावात नळ आला. तुझ्या हयातीत प्रत्येक निवडणुकीला येणार होता, तो तू गेल्यावर आला. लांबच्या धरणाचं गोड पाणी आता दारात मिळतं. उद्घाटनाला तोटीला झेंडूचा हार घातला होता. एवढा मोठा तर तुझ्या मयतीलाही नव्हता. पुढारी कॅमेऱ्याकडं बघत ओंजळभर पाणी प्यायला आणि गाडीत बसल्यावर त्यानं बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली. मग गावाची खरी गंमत झाली. आपल्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारट, त्यामुळे भाकरीच्या पिठात मीठ टाकायची सवय कोणाच्याच हाताला नाही. गोड पाणी आलं आणि अख्ख्या गावाची भाकर अळणी झाली. नळात चव मारायचं औषध टाकतात, अशी तक्रार घेऊन बायका ग्रामपंचायतीत गेल्या.

आपल्या घरची भाकर तेवढी खारट राहिली. वैनीचा फोन आला तेव्हा मी हसलो होतो. "भाऊजी, हसू नका. नळाचं पाणी गोड हाय, मी चाखून माठात भरतो. सकाळी पाहा त माठ खारट." तुझाच माठ, चुलीजवळच्या तिवईवरचा. जुन्या मातीत खार मुरलेला असेल, असं शहाणपण मी अकोल्यात बसून सांगितलं. पण दादाच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात. डॉक्टरनं बजावलंय, खारं पाणी एक घोटही नको, नाहीतर मशीनवर जावं लागेल. तुझे पाय सुजायचे तेव्हा आम्ही म्हणायचो, विहिरीवर उभी राहून सुजले असतील. तेवढीच अक्कल होती.

म्हणून मी गावी गेलो. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, जाळीला कुलूप आहे आणि रहाट भंगारात गेला. संध्याकाळी मी स्वतः माठ घासला, नळाचं पाणी भरलं, तोंडाला फडकं बांधलं. उजाडता उजाडता उठून पाहिलं तर फडकं ओलं, आणि त्याची गाठ उलटी, डाव्या हाताची. आपल्या घरात डावखुरी तू एकटीच. माठ काठोकाठ भरलेला होता. मी पेला बुडवला आणि जिभेला ती चव लागली. शाळेतून धावत आल्यावर लागायची तीच.

वैनीनं दादासाठी स्टीलची टाकी घेतली आहे. तिच्यातलं पाणी गोडच राहतं, पण दादा तिला हात लावत नाही. मी म्हटलं, "मरायचं हाय काय तुले?" तो खाटेवर बसून सुजलेल्या पायांकडे बघत होता. "तुले बी मालूम हाय ते पानी कोन भरते," म्हणाला. "मायनं डोक्यावर आनलेलं पानी मी फेकून देऊ? तूच फेक बे. तुले सवय हाय." ते त्यानं अजून लक्षात ठेवलंय. मी लहानपणी पाय धुवायला पाण्याची अर्धी गुंडी ओतली होती आणि तू ओल्या हातानं माझ्या गालात दिली होतीस. "पाय धुतं काय रे माह्या जिवावर?" त्यानंतर तूच रडत बसलीस आणि मला शेंगदाण्याचा लाडू दिलास. वैनी दारातून म्हणाली, "फोडून टाका तो माठ, भाऊजी. माही हिंमत नाई होत." मी माठ उचलून अंगणात नेला. लिंबाच्या आळ्यावर तिरपा करायला गेलो, पण एक थेंबही पडू दिला नाही, आणि गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला.

तेव्हापासून तो इथं अकोल्यात, माझ्या स्वयंपाकघरात, पाणी गाळायच्या मशीनखाली आहे. मशीनवाला येतो, पाणी उत्तम असल्याचं सांगतो आणि मी मान हलवतो. दादा आता टाकीतलं गोड पाणी पितो. त्याची सूज उतरत आहे, वैनी फोनवर पहिल्यांदाच मोकळं बोलली. आणि इथं माझ्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असली तरी, माठ रोज सकाळी काठोकाठ भरलेला असतो. फरशीवर पाणी सांडलेलं नसतं. तू कधी सांडलंच नाहीस.

माय, आता बस कर, एवढंच लिहायला बसलो होतो. तू चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून अक्षरही मोठं काढलं. चिठ्ठी माठावर ठेवून झोपायचं ठरलं होतं. पण संध्याकाळी माझेही पाय जड झाले, चप्पल घट्ट होत होती, आणि मी बसल्या जागी आणखी एक पेला प्यायलो. ही चिठ्ठी मी ठेवणार नाही. तू वाचशील आणि यायची बंद होशील.