ढालीचं पान

एर्लांगेन, जर्मनी
१७ जून २००७

प्रिय विलास,

'स. न. वि. वि.' लिहायला घेतलं होतं. पण सात वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसाला ते कसं लिहू? तेव्हा नुसता नमस्कार. नीतावहिनींनाही सांग. पत्ता आमच्या मंडळाच्या नागेशने दिला. माझं अक्षर ओळखून पाकीट फेकलंस, तरी तिकीट तेवढं नातवंडांसाठी काढून घे.

मुलाकडे, हृषिकेशकडे सहा महिन्यांसाठी आलोय. इथे दहा वाजता कुठे काळोख पडतो. इतकी लांबलेली संध्याकाळ पाहिली की शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर येतात. सूनबाई ऊर्मिला म्हणते, "बाबा, बसमध्ये जरा हळू म्हणा." नात इराशी मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आमचं उत्तम चाललंय.

आमच्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. हुतूतूचा सगळा इतिहास मी लिहायचा, असा नागेशचा हुकूम आहे. शेणाने सारवलेलं मैदान, चुन्याची मध्यरेषा, कंदील लावून केलेला सराव, सगळं भरभरून लिहिलं. आम्ही ढाल जिंकली त्या १९५९ च्या सामन्यापाशी मात्र लेखणी अडली. नागेशचा फोन आला, "सर, ढालीचं पान ठसठशीत होऊ द्या, फोटो टाकायचाय." मी म्हटलं, डोळे दुखतायत. डोळे ठणठणीत आहेत.

वरच्या मजल्यावर ब्रेंडन नावाचा आयरिश माणूस राहतो. त्याच्या खेड्यातल्या फुटबॉल क्लबचा इतिहास त्याने मला वाचायला दिला. त्यांच्या खेळात चेंडू हातातही घेतात. तो दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून गेला की खांबापाशी उभा असलेला पंच पांढरं निशाण वर करतो, आणि गुण मिळतो. वस्ती तीनशे घरांची, पुस्तक चारशे पानांचं. त्यात १९५३ च्या अंतिम सामन्याखाली एक ओळ आहे : 'शेवटचा चेंडू खांबाबाहेरून गेला होता. निशाण मी वर केलं.' खाली सही ब्रेंडनच्या वडिलांची.

मी विचारलं, "मग समोरचं गाव काय म्हणालं?"

"दर वर्षी ती ओळ मोठ्यानं वाचतात आणि म्हाताऱ्याच्या नावानं एक एक ग्लास पितात."

गेल्या रविवारी त्याला आपला खेळ दाखवायला अंगणात उतरलो. सत्तरीत चढाई, विलास. माझी तीच जुनी ओळ म्हणत निघालो, 'वाळूवरती नाचत आलो, नदीपारचे गडी पळाले.' खालच्या बाईंनी खिडकी उघडून रविवारच्या शांततेची आठवण करून दिली. ऊर्मिला वरून, "बाबा, आत या आधी." आणि मी 'आलो'पाशीच थांबून श्वास घेतला होता.

ब्रेंडन म्हणाला, "आता काय?"

"आता मी बाद," म्हणालो. किती सोपं होतं रे ते.

त्या दिवशी तुमच्या गावच्या मैदानावर, बरोबरीत, शेवटच्या चढाईला मी त्याच जागी श्वास घेतला. ओळच तिथे थांबते, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तुमच्या संघाच्या कोपऱ्यात तू होतास. ती कविता रचताना बाकावर शेजारी तूच होतास, तुला कळलं. तू ओरडलास, "दम तुटला." पंचांनी मला विचारलं. हेडमास्तरांचा मुलगा मी. मी नाही म्हणालो. ढाल आम्हाला मिळाली. तू पंचांशी भांडलास म्हणून दोन वर्षं बाहेर बसलास, आणि पुढे कधी उतरलाच नाहीस. तुला 'रड्या' हे नाव माझ्या त्या एका शब्दाने चिकटलं, आणि लोक तशी हाक मारत तेव्हा मी हसण्यात सामील होतो.

ढालीचं पान काल रात्री लिहून संपवलं. चारच ओळी आहेत, खाली माझी सही. नागेशला याच टपालाने पाठवतोय. तुझी परवानगी विचारत नाही. तू मोठ्या मनाने 'राहू दे रे' म्हणशील, आणि मी लगेच ऐकेन. नागेश रागावणार. फोटो मात्र त्याला टाकता येईल. ढाल तुझ्या हातात असतानाचा. नोव्हेंबरात परतलो की पूल ओलांडून मीच घेऊन येतो. दार लावलंस तर ओट्यावर ठेवून कविता म्हणत बसेन, मग उघडावंच लागेल.

तुझा,
अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी बाद झालेला
चंद्रशेखर