निळं दार, बेल बंद

आई,

दहा वाजता रंगारी येईल, त्याला परत पाठव. कुरकुर करेल, करू दे.

बँकेच्या बेवारस खात्यांच्या यादीत बाबांचं नाव सापडलं, तेव्हा तू म्हणालीस, "सोड ते आता." मी सोडलं नाही. चिडू नकोस. काल मॅनेजरबाईंनी परगावच्या शाखेतून बाबांच्या फॉर्मची प्रत मागवून दाखवली. तोंडावर सांगायला धीर होईना, म्हणून लिहून जातेय.

खातं बाबा घरातून निघून गेल्यावर चार वर्षांनी उघडलंय. अक्षर त्यांचंच. नॉमिनी तू. आणि पत्ता या घराचा! आई, आपण इथे राहायला आलो तेच मुळी ते गेल्यानंतर. पोस्टमन चुकू नये म्हणून पत्त्यात अख्खी वाट लिहायची त्यांची सवय आठवते ना? इथेही लिहिलंय: 'दुसरा मजला, निळं दार, बेल बंद आहे, कडी वाजवावी.'

दार कुणालाही दिसेल. पण बेल बंद आहे हे दाबून पाहणाऱ्यालाच कळतं.

आपण तेव्हा घरातच असू का गं? तू गॅसपाशी, मी अभ्यासाला बसलेली?

पैसे किती आहेत ते विचारायचं राहूनच गेलं. फॉर्मवर त्यांचा तिकडच्या खोलीचाही पत्ता आहे. मी तिथेच निघालेय. पोचले की फोन करते, गोळी विसरू नकोस.

दाराचा रंग आहे तसाच राहू दे. आणि इतकी वर्षं आज करू, उद्या करू म्हणत राहिलो, ती बेल आजच्या आज दुरुस्त करून घे.