भरावाची भिंत

डोंगरपाडा, तलासरी
४ मे २०२५

ती. रविंद्रदादास,
धाकट्या संगीताचा वाकून नमस्कार. चंद्रिकावहिनीलाही सांग.

फोन केला की मागे ट्रकची घरघर आणि पुढे तुझं नुसतं हो-हो. म्हणून पत्र. वापीच्या खोलीवर जेवून निवांत वाच.

आमच्या वरच्या अंगाला तुझ्या नव्या घराचं काम जोरात चाललंय. ठेकेदाराने उतार सपाट करायला मातीचा भराव टाकला आणि तो अडवायला आमच्या मागच्या दाराशी भिंत उभी केली. भिंत आमच्या पत्र्यांच्याही वर गेलीय, आणि पाणी निघायला तिला एक भोक नाही. मी विचारलं तर म्हणाला, बाई, आपल्या जागेत कुंपण घालायला कोणाला विचारायचं असतं?

त्या भिंतीच्या पायथ्याशीच, मागच्या खोलीत, आई झोपते. घर नको असं मी म्हणत नाही रे. तू वर राहायला येणार म्हणून आई सगळ्या पाड्याला सांगत सुटलीय. एकदा येऊन बघ, एवढंच.

माया आहे तशीच ठेव.
तुझी संगीता

*

अच्छाड
१३ मे २०२५

चि. संगीतास,
दादाचे पोटभर आशीर्वाद. आईच्या पायांवर माझं डोकं.

मोरबीहून टाईल्स घेऊन आलो, नाक्यावर गाड्यांची रांग लागलीय, तेवढ्यात लिहितो. अंगणवाडीत बडबडगीतं म्हणता म्हणता तू इंजिनीअर कधी झालीस? ठेकेदाराने अशा भिंती खूप बांधल्यात म्हणतो. मला अंगण मोठंच हवंय. स्वतःचा टेम्पो घेऊन दारात लावायचा, लांबच्या फेऱ्या बंद करायच्या आणि रोज घरी जेवायचं, हे माझं आणि चंद्रिकाचं कधीपासूनचं ठरलंय. तू उगाच घोर लावून घेऊ नकोस.

रागावू नकोस, आठवण काढत जा.
तुझा दादा

*

डोंगरपाडा
२७ मे २०२५

ती. दादास,
नमस्कार.

वळवाचा पाऊस पडला आणि भिंतीने पोट काढलं. मधोमध चीर पडलीय, हाताचं बोट आत जातं. ठेकेदार फोन उचलत नाही. तुला तीनदा लावला, लागला नाही, तू लांबच्या फेरीवर होतास.

मी ग्रामपंचायतीत गेले. तिथले अधिकारी म्हणाले, भराव अडवणारी एवढी उंच भिंत नुसतं कुंपण धरत नाहीत. तिला परवानगी लागते, नकाशा लागतो आणि पाण्याला वाट ठेवावी लागते. त्यांनी विचारलं, लेखी तक्रार द्याल का? भिंत माझ्या भावाची आहे, असं मी सांगितलं. मग दिली.

दादा, तुला नोटीस येईल. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय.

तुझीच,
संगीता

*

वापी
३ जून २०२५

संगीता,

नोटीस मिळाली. काम थांबवलंय. सख्ख्या बहिणीने भावाच्या घरावर तक्रार केली, हे पाड्यात आता सगळ्यांना माहीत आहे. तुला माझं वर येऊन राहणंच नको होतं, तर तसं सांगायचं होतंस.

रविंद्र

*

वापी
१० जून २०२५

चि. संगीतास,
आशीर्वाद. घेशील ना?

काल मी येऊन गेलो. तू अंगणवाडीत होतीस, मुद्दामच ती वेळ धरली. तुझं तोंड बघायचं नाही, असं ठरवून आलो होतो.

आईने चहा केला. तिची खाट चुलीजवळ ओढलेली दिसली. मी विचारलं, मागची खोली का सोडलीस? म्हणाली, तिकडे उकडतं. मी मागे गेलो. खोली गार होती. दाराबाहेर माझी भिंत खालपासून वरपर्यंत पाझरत होती आणि चिरीतून चिखल येऊन जमिनीवर पसरला होता. परत आलो तर आई म्हणाली, संगीताला बोलू नकोस, आणि तुझ्या भिंतीलाही मी कोणाला नावं ठेवू देत नाही.

गाडीत बसून रडलो. चंद्रिकाला सांगितलं तर ती म्हणाली, मला काय सांगता, बहिणीला लिहा.

भिंत उतरवतोय, भरावही काढतोय. ग्रामपंचायतीत जाऊन आलो. अधिकारी म्हणतात, एक उंच भिंत नको, दोन ठेंगण्या पायऱ्यांसारख्या बांधा, मध्ये जागा सोडा. सगळं माझ्याच हद्दीत बसवलं तर अंगण अर्धं होतं, टेम्पो काही मावत नाही. मग तो खाली रस्त्यावर लावीन. तुम्ही दोघी तोवर गंगीआत्याकडे झोपायला जा.

त्या चार ओळींचं पत्र फाडून टाक.
तुझा दादा

*

डोंगरपाडा
१५ जून २०२५

ती. रविंद्रदादास,
तुझ्या आशीर्वादाला डोकं टेकवून नमस्कार.

पत्र फाडलं. आम्ही गंगीआत्याकडे आहोत. आई तिथेही सगळ्यांना कामाला लावते.

अधिकाऱ्यांना विचारून आले. खालची पायरी आमच्या परसात आली तर चालेल, फक्त जागावाल्याची लेखी संमती हवी. जागा आईच्या नावावर आहे. ती म्हणाली, शेवग्याच्या झाडापर्यंत घे म्हणावं. तिने सही केलीय. मोठं अक्षर काढलंय, कागद पुरला नाही. टेम्पो दारातच लाव. मला रोज सकाळी बाजारापर्यंत सोडावं लागेल, हे मात्र आत्ताच ठरवून टाक.

उत्तराची वाट बघते.
तुझी संगीता

*

डोंगरपाडा
२३ जुलै २०२५

ती. दादा-वहिनींस,
दोघांना भरभरून नमस्कार.

नव्या भिंतींना महिनाही झाला नाही आणि दोन दिवस नुसता धो-धो पाऊस. हायवेवर गाड्या अडकल्यात म्हणे. तू जिथे असशील तिथेच थांब.

काल सकाळी वरच्या भिंतीच्या पाइपांतून आधी गढूळ पाणी आलं, मग खालच्या भिंतीच्या पाइपांतून, आणि परसातल्या चरातून सरळ ओढ्याला गेलं. दुपारपर्यंत पाणी निवळ झालं. कुठे चीर नाही, कुठे पोट नाही. मी दर थोड्या वेळाने जाऊन भिंतीला हात लावत होते.

आई मात्र मागच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. जेवायला उठेना. शेजारणींना हाका मारून दाखवत होती. मी पत्र लिहायला घेतलं तेव्हा म्हणाली, रविंद्रला कळव, तुझं पाणी आमच्याकडे सुखरूप पोचलं.

तुमची,
संगीता