लेकीच्या निकालाचं पत्र

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा विजेच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ज्याला शंका असेल त्याने तो वाचावा आणि गप्प बसावं.

१. राहतं घर पत्नीच्या हयातीत पत्नीचं. नंतर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं.

२. दुकान, तार गुंडाळायचं यंत्र आणि सगळी हत्यारं एकट्या लेकीची. चिरंजीव परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांनी यात हात घालू नये. मेव्हण्याने मागून नेलेलं ड्रिल मशीन अकरा वर्षं झाली, परत आलेलं नाही. तेही लेकीचंच, खुशाल जाऊन उचलून आणावं.

३. हे कलम वाटणीचं नाही, कबुलीचं आहे. लेक सातवीत असताना सुट्टीत दुकानात बसायची. मोटारीच्या अरुंद खाचांत तार बसवताना तिची बोटं अशी चालायची की माझे कारागीर बघत राहायचे. त्याच वर्षी तिने सरकारी निवासी शाळेची परीक्षा दिली. निकालाचं पत्र दुकानावर आलं. ती पास झाली होती. मी म्हणालो, "नाही जमलं बाळा, जाऊ दे." पत्र वार्निश वाळवायच्या भट्टीत टाकलं. तिच्या शाळेतल्या बाई दोनदा विचारायला आल्या. "पोरीचीच इच्छा नाही," म्हणून त्यांनाही वाटेला लावलं.

तीस वर्षं ती स्वतःला ढ समजत आली. नुसत्या आवाजावरून मोटारीचा बिघाड ओळखते, पण साधा फॉर्म समोर आला की म्हणते, "बाबा, मला नाही कळत त्यातलं." तिच्या कष्टावर मी तिच्या भावाला शिकवलं. मी फार मोठं पाप केलं.

४. बँकेतली ठेव नातीच्या, म्हणजे लेकीच्या मुलीच्या, शिक्षणाची. लेकीला स्वतःला शिकावंसं वाटलं तर आधी तिची.

५. हे सगळं तिने माझ्यामागे वाचावं असा माझा बेत होता. वकील म्हणाले, "काका, तोंडाने सांगा." म्हणून आज सही करण्याआधी तिला समोर बसवून वाचून दाखवलं. ती भांडली नाही. एवढंच विचारलं, "बाबा, नंबर कितवा आला होता?"

मी पत्र पुरतं वाचलंच नव्हतं. पास एवढा शब्द दिसला आणि घाबरलो.

ठिकाण: दुकान. तारीख: ११ जून.
सही: लिहून ठेवणारा, तिचा बाप
समक्ष सह्या: १. शेजारचे चष्मेवाले २. समोरच्या शिवणकामवाल्या बाई