पुंगळीच्या गळ्यातलं पिवळं

३ ऑक्टो., शुक्र.
पाचोडहून परत. पुतणीला बघायला पाहुणे आले होते, दसराही तिकडंच झाला. बायको, नंदा, इथं घरीच होती. मुलगा बरा आहे, पण मोबाइल सारखा पालथा ठेवतो. भावाला म्हणालो, चौकशी कर. तो म्हणाला, तुला बाराही महिने चौकश्याच.

घरी आल्याबरोबर माझी काडतुसांची खोली बघितली. कुलूप जसंच्या तसं. रायफल आणि बारूद तिजोरीत, तिची किल्ली माझ्या करगोट्याला, तो प्रश्नच नाय. पण स्टूल भिंतीकडं सरकलेलं वाटलं. मी टेबलाखाली ढकलून गेलो होतो. बहुतेक.

५ ऑक्टो., रवि.
काडतुसं भरायला बसलो. २६ ला नेमबाजीची निवड चाचणी. साठीच्या वरच्या गटात जागा एकच, आणि खरे दावेदार दोघंच. मी आणि विलास. विलास म्हणजे माझा साडू, नंदाच्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा नवरा. औरंगपुऱ्यात लाइटच्या सामानाचं दुकान. त्याला या नादाला लावला मीच, आता तोच माझ्या मानेवर बसलाय. असो. गुडघे असे, डोळे असे. माझी ही शेवटचीच चाचणी, पुढच्या वर्षी कोण बघतंय.

भरताना जोर सारखा लागेना. एक गोळी सरकन आत, दुसरी अडकत अडकत. काडतुसाच्या पितळी पुंगळ्या त्याच, गोळी दाबून बसवायचा प्रेस तोच, हात माझाच.

नंदा दारातून म्हणाली, जेवायला चला. उंबऱ्याच्या आत येत नाही ती. मागं एकदा माझ्या पुंगळ्या तिनं चिंच लावून घासल्या, देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत. तेव्हापासून तिला खोलीत बंदी.

८ ऑक्टो., बुध.
रेंजवर गेलो. कागदावर छिद्रांची उभी रांग. डावं-उजवं काही नाही, नुसतं वर-खाली. वारा नव्हता, म्हणजे गोळ्यांचा वेगच कमी-जास्त. मागं विलास बसलेला. म्हणाला, "अण्णा, आज काय झालं?" फार गोड आवाजात म्हणाला.

याला एवढी काळजी कधीपासून?

९ ऑक्टो., गुरु.
सापडलं. पुंगळीचा गळा आतून ग्रॅफाइटच्या पुडीत बुडवून घेतो मी, म्हणजे गोळी कोरडी घासत नाही, सगळ्या सारख्या जोरानं बसतात, सारख्या सुटतात. यंदापासून मेणाचा मलम सोडून ही कोरडी पूड घेतली. वाटीत उघडीच असते. आज नीट बघितली तर पुडीत बारीक बारीक गोळे. बोटानं फोडले तर ओलसर. आणि आत पिवळे कण.

भिंगाखाली धरले. पितळेचा कीस. दुसरं काय असणार, या खोलीत पिवळं म्हणजे पितळच. पण मी कानशीला महिनाभर हात लावलेला नाही. मग कीस आला कुठून? पाणी कुठून आलं?

खोलीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडं आहे. मीच दिली होती, माझा मापं घ्यायचा व्हर्निअर वापरायला.

नंदाला एवढंच म्हणालो की पुडीत कुणीतरी घाण केलीय. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बदला की मग, नवी आणा." मान वर केली नाही. तिला काय कळणार. कितीदा सांगितलं, सगळा खेळ त्या वाटीवर चालतो म्हणून.

१२ ऑक्टो., रवि.
मनातून जात नाही. विलास असं करणार नाही. पण करणार नाही असं म्हणायला तरी काय आधार आहे?

संध्याकाळी खाली वॉचमनशी बोलत उभा होतो. त्याला मुद्दाम विचारलं, मी नव्हतो तेव्हा कुणी आलं-गेलं का? म्हणाला, "तुमचे साडू आल्ते ना साहेब. नवमीच्या दिवशी. अर्धा-पाऊण तास होते."

आठवड्यात तीनदा भेटला मला. एका शब्दानं बोलला नाही. नंदाला विचारलं नाही, ती बहिणीच्याच बाजूनं बोलणार. कुठंतरी पाणी मुरतंय म्हणत होतो ते मुरतच होतं.

१४ ऑक्टो., मंगळ.
औरंगपुऱ्यात गेलो. दुकानात दिवाळीच्या माळांची गर्दी. थांबलो. गर्दी ओसरल्यावर सरळ विचारलं, नवमीला माझ्याकडं आला होतास?

"आलो होतो."

कशाला?

"काम होतं."

पुढं काही नाही. तोंडात गुळणी धरल्यासारखा. म्हटलं, माझ्या पुडीत पाणी आणि पितळ कुठून आलं? त्यानं माळ गुंडाळायची थांबवली. "अण्णा, त्या एका जागेसाठी मी असलं करीन, असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हणालो, मी फक्त विचारतोय.

गल्ल्यातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "घेऊन जा." गिऱ्हाईक आलं, त्याच्याकडं वळला.

घेऊन आलो. लई राग आला होता. त्याचा का माझा, सांगता येत नाही.

१८ ऑक्टो., शनि.
दरवर्षी आजच्या दिवशी मंगल सकाळीच येते, दोघी बहिणी मिळून दोन्ही घरांचा फराळ करतात. आज आली नाही. नंदा एकटीच चकल्या पाडत बसली. मी म्हटलं, मदत करू? म्हणाली, "नको. तुमच्या खोलीत जा."

गेलो. नवी पूड मागवलीय, अजून आली नाही. पुण्याहून यायची.

२१ ऑक्टो., मंगळ., लक्ष्मीपूजन
झालं. साडूचा फोन नाही. मीही केला नाही. नंदा पूजा झाल्यावर देवापुढं बराच वेळ बसून होती. माझ्याकडं बघायची, मग बघायची नाही. हिला काहीतरी माहीत आहे. बहिणीनं सांगितलं असणार.

२३ ऑक्टो., गुरु., भाऊबीज
नंदा-मंगलला भाऊ एकच, जालन्याचा. दोघी बहिणी दरवर्षी माझ्या गाडीत जातात. यंदा नंदा माझ्याबरोबर आणि मंगल एसटीनं. एकाच ताटानं ओवाळलं, एकमेकींशी बोलल्या नाहीत. भाऊ माझ्याकडंच बघत होता, जसं काय मीच.

येताना चिकलठाण्याचा सिग्नल लागला. तिथं नंदा म्हणाली, गाडी बाजूला घ्या. घेतली.

"मी केलं ते."

खंडेनवमीला घरातली शस्त्रं बिनपूजेची राहिली असती. मी पाचोडला. तिनं मंगलला फोन केला, मंगलनं किल्ली घेऊन नवऱ्याला पाठवलं. हिनं खोलीत स्टुलावर बसून पूजा केली. प्रेसला, व्हर्निअरला, पुंगळ्यांना हळद. कुंकवाचे डाग पडतील म्हणून कुंकू नाही, नुसती हळद. आणि वाटीलाही. वर झेंडूचं फूल. धुतलेलं.

म्हटलं, वाटीला कशाला?

"तुम्हीच म्हणता ना, सगळा खेळ तिच्यावर चालतो."

आणि विलासला तिनंच शपथ घातली होती, यांना सांगू नका म्हणून. "त्या चिंचेपायी महिनाभर अबोला धरला होता तुम्ही. विलासरावांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं. मला वाटलं निवळेल. निवळेना."

रडत होती. मी काच खाली केली, वर केली. मग गिअर टाकून तसाच निघालो, ते चूक झालं.

घरी आल्यावर वाटीतले पिवळे कण चिमटीनं वेगळे केले, साबणाच्या पाण्यात टाकले. लाल झाले. हळदच. नंदानं बघितलं मला हे करताना.

२४ ऑक्टो., शुक्र.
दुकानात गेलो. "या अण्णा. चहा घेणार?" असं म्हणाला, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. म्हटलं, चुकलं माझं. खरंच म्हणालो, मनापासून. त्यानं मान हलवली. म्हणाला, "हळद आहे ती. मला वाटलं, घरातल्या माणसाला ओळखू येईल."

इथंच उठायला पाहिजे होतं. चहा पिऊन, त्याचा हात धरून, उठायचं. पण डोक्यात भुंगा होता रात्रभर. अर्धा-पाऊण तास हा तिथं होता. नेमबाज माणूस. ओलं फूल कोरड्या पुडीत पडलं तर काय होतं, हे नंदाला नाही कळणार, याला कळतं. नंदा म्हणते, तो बाहेर व्हरांड्यात फोनवर होता, दुकानाचा फोन.

विचारलं. "फूल ठेवताना तू बघितलं होतंस का?"

विलास हसला. खरंच हसला, खांदे हलेपर्यंत. मग आत गेला आणि बाहेर आलाच नाही. चहा नोकरानं आणून दिला.

व्हय का नाय, एवढंच सांगायचं होतं त्यानं.

२५ ऑक्टो., शनि.
उद्या चाचणी. पुण्याची पूड आलीच नाही. जुनी तर फेकून दिली. कोरड्या गळ्यानं गोळ्या बसवायच्या म्हणजे परत ती उभी रांग.

दुपारी मंगल आली. चिवड्याचा डबा घेऊन. नंदाला मिठी मारली, दोघी स्वयंपाकघरात रडल्या, मग हसल्याही. बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला लिहू. जाताना मंगलनं माझ्यापुढं एक छोटी डबी ठेवली. "दाजी, यांनी पूड दिलीय. स्वतःच्यातली अर्धी काढून. म्हणाले, अण्णांकडं उद्यासाठी नसेल."

डबीला चारी बाजूंनी टेप. चिकटपट्टीवर त्याची सही. म्हणजे मला समजावं की मधे कुणी उघडली नाही. का मला टोमणा?

चार वाजता बसलो. पुंगळ्या ओळीनं लावल्या. टेप कापला. पूड छान दिसतेय, भुरभुरीत, कोरडी. खिडकीपाशी नेली, उजेडात धरली. चिमटीत घेऊन पांढऱ्या कागदावर पसरली. वास घेतला. भिंग काढलं.

नंदा कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. आज आत ये म्हणालो. आली नाही. उंबऱ्याच्या बाहेरूनच माझ्या हातातल्या भिंगाकडं बघत होती.

म्हणाली, "मिळालं का काही?"

नाही म्हणालो. अजून एकदा बघतो म्हणालो.